बाईंना न सांगितलेला उजेड

ज्यांची नजर जात चालली होती अशा एका बाईंना मी रंगाबद्दल खोटं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "काही नाही बाई, सगळं राखाडी झालंय." त्या वेळी माझ्यासमोर जे होतं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. हे आजवर मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्या मित्राला सगळं सांगतो त्यालाही नाही. मी मुळातच कमी बोलणारा. ऑफिसात म्हणतात, ह्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पंच बसवावे लागतात. तर आता पंचांशिवायच लिहून देतो.

मी सरकारी मोजणीदार. तुळजापूर, उमरगा, धाराशिव असं फिरत बावीस वर्षं ह्याच जिल्ह्यातली रानं मोजली. पहिली मोजणी तामलवाडीच्या शिवारात केली, तेव्हा हातात साखळी होती. आता उपग्रहावर चालणारं यंत्र आहे. दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी मी दाखवलेल्या जागेवर दोघंही दगड रोवून घेतात. बावीस वर्षांत एक दगड मी वीतभर इकडचा तिकडं होऊ दिला नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं जे सांगायचंय त्याला हे लागतं.

बाई येडशीच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, पॉइंट्समन. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, मीही म्हणतो. रामलिंगाच्या देवळाकडं जाणाऱ्या उताराला त्यांचं थोडं रान आहे. आठ वर्षांपूर्वी ते मोजायला मी गेलो होतो. शेजारचा खातेदार येईना, म्हणून बांधावर थांबलो. बाई बाभळीखाली बसल्या होत्या, मांडीवर फळी, फळीवर तपकिरी कागद, आणि उजव्या हाताची पाचही बोटं पाच रंगांची.

"ओ मोजणीसाहेब, जरा इकडं या," त्यांनी हाक मारली. "त्या समोरच्या टेकडीचा पायथा कोणत्या रंगाचा दिसतोय?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "हिरवा," मी म्हणालो.

"झाडं आहेत हे ठाऊक आहे म्हणून हिरवा म्हणताय. दिसतंय काय?"

"हिरवाच की, बाई."

"नोड्री," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मराठी बोलता बोलता मधेच कानडी यायची. नोड्री म्हणजे बघा. "डोळे किलकिले करा. तिथं झाड आहे, रान आहे, हे विसरा. आता सांगा."

मी डोळे बारीक केले. लाजत केले, कारण पलीकडून आमचा शिपाई बघत होता. झाडं एकमेकांत विरघळली. मग पायथा जो दिसला तो जांभळा होता. वांग्याच्या सालीवर कुणी राख भुरभुरावी तसा. आणि वर, जिथं ऊन होतं, तिथं हिरवा म्हणावा असा एक ठिपका नव्हता. सगळं गुळाच्या ढेपेसारखं.

मी कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून उभा राहिलो. त्या टेकडीच्या चारी बाजू मी मोजल्या होत्या. तिचे आकडे पाठ होते. आणि ती जांभळी आहे हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

"जांभळा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच वेगळा वाटला.

"हां," बाई म्हणाल्या आणि एक खडू उचलून कागदावर आडवा फिरवला. टेकडीचा पायथा तिथं येऊन बसला. पुढच्या रविवारी मी मोजणी नसताना येडशीला गेलो.

ते खडू म्हणजे पोरांचे मेणचट खडू नव्हेत. त्यांना सॉफ्ट पेस्टल म्हणतात, नुसता रंग, कसाबसा कांडीत बांधलेला. बोट लागलं की भुकटी. बाई कागद सुताराच्या दुकानातून आणायच्या, लाकूड घासायचा बारीक पॉलिशपेपर. त्यावर रंग धरतो, आणि खडू ओढला की खर्र खर्र असा आवाज येतो. कांड्या मिठाईच्या मोठ्या डब्यात, ज्वारीच्या भरड्यात पुरून ठेवलेल्या. एकमेकींना घासून मळलेल्या कांड्या भरड्यात हलवल्या की स्वच्छ निघतात. अप्पा सांगायचे, "एकदा त्यो भरडा म्या गाईपुढं ठिवला. गाईनं हुंगलं आन् माझ्याकडं असं बघितलं, जसं सासुरवाडीची मान्सं बघत्यात."

पहिलं वर्षभर मी चित्र म्हणून जे काढलं तो नकाशाच होता. आधी बाहेरची रेघ, मग आतले बांध, मग झाडं मोजून. एकदा समोरच्या सपाटीवर मी मधोमध एक तिरकी रेघ ओढली. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही काय आहे?"

"बांध आहे."

"दिसतोय का इथून?"

मी बघितलं. सोयाबीन निघून गेल्यावरची काळी जमीन, त्यावर धुरकट ऊन. "दिसत नाही," म्हणालो. "पण आहे."

"दिसत नाही, मग काढला कशाला?"

"मोजलाय मी तो, बाई."

बाई इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. बोटांचा रंग पदराला आणि पदराचा गालाला. तेव्हापासून माझ्या चित्रात काही खोटं शिरलं की त्या म्हणायच्या, "हा तुमचा बांध."

त्यांच्याकडून शिकलेलं सगळं सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत. गडद आधी, उजळ नंतर. कागदावरची भुकटी फुंकायची नाही, फळी पुढं कलवून मागून टिचकी मारायची. मी एकदा फुंकर मारली आणि आभाळात थुंकीचे तीन ठिपके पडले. अप्पांनी ते बघून विचारलं, "घारी हायत व्हय?" पण मला सगळ्यांत जड गेलं ते सावलीचं. बाहेर बसलं की ऊन थांबत नाही. सावली सरकते, माणूस तिच्या मागं कागद बदलत बसतो, शेवटी चित्रात चार वाजलेले असतात आणि साडेपाचही. बाई म्हणायच्या, बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत सावल्या टाकून घ्या, आणि मग त्या हलल्या तरी तुम्ही हलू नका. मी यंत्राच्या तिवईसारखी तिवई सुताराकडून करून घेतली होती, तिच्यावर फळी ठेवून उभ्यानं काम करायचो. शेळ्या राखणारी एक बाई रोज तिथून जायची. तिनं पहिल्यांदा ती तिवई बघितली तेव्हा लांबूनच ओरडली, "आगं बया, ह्यो तर मोजणीवाला! आमच्या भावकीच्या बांधाला आल्ता. काय ओ, आता डोंगुर कुनाकुनात वाटाय लागलाव?"

"देवाला निम्मा, तुला निम्मा," बाईंनी उत्तर दिलं.

"मला नगं, शेळ्यास्नी द्या."

घरी माझी बायको नखं बघायची. "रविवारी रंगपंचमी असती का तुमची? तुम्ही मोजणीलाच जाता ना?" मी म्हणायचो, व्हय. मग एके दिवशी तिला चित्र दाखवलं. तिनं ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे रामलिंगाच्या वाटेवरचं वळण आहे. पण मला असं कधी दिसलं नव्हतं." मलाही दिसलं नव्हतं. ह्या गोष्टीचं नवल अजून संपलेलं नाही. पवनचक्क्यांचे पांढरे खांब, जे सगळ्यांना डोळ्यांत खुपतात, ते सकाळी सात वाजता पेरूच्या गरासारखे गुलाबी असतात. उन्हाळ्यात धावड्याच्या वाळल्या रानाखालची सावली निळी असते, शाईसारखी निळी. दुष्काळी म्हणून ज्या मुलुखाला नाक मुरडतात, तिथं एका टेकाडात मी अकरा रंग मोजले. मोजायची सवय काही जात नाही.

तिसऱ्या वर्षी बाईंच्या डोळ्यांचं सुरू झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा मधला पडदा झिजत चाललाय. कडेनं दिसतं, मधोमध डाग. त्यामुळं डोंगर बघायचा तर त्या तोंड दुसरीकडं वळवायच्या. लोकांना वाटायचं, बाई रुसून बसल्यात. हळूहळू रंगही फिके होत गेले. पण त्यांनी खडू सोडले नाहीत. काम करायची एक रीत आमची आपोआप बसली.

मी बघायचो आणि सांगायचो. त्या काढायच्या. डब्यातली प्रत्येक कांडी कुठं आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं, गडद खाली, उजळ वर, आणि नावं रंगपेटीवरची नव्हती, त्यांची स्वतःची. कडब्याचा पिवळा. अंबाडीच्या देठाचा लाल. हरभऱ्यावर पहाटे आंब, म्हणजे ते आंबट दव, धरते तेव्हाचा हिरवट निळा. मी नुसतं "पिवळा" म्हटलं की लगेच विचारायच्या, "कोणता? ह्या वर्षीच्या कडब्याचा का गेल्या वर्षीच्या?" कुठं लावायचा ते मी माझ्या पद्धतीनं सांगायचो. मधल्या रेघेपासून चार बोटं वर, डाव्या कडेपासून वीतभर आत. त्यांचा हात बरोबर तिथं जायचा. खर्र, खर्र. मी तोंडातून काढलेला शब्द थेट त्यांच्या कागदावर पडायचा. मधे तपासणारं कुणी नव्हतं. रोवलेल्या दगडावर निदान अपील तरी होतं.

त्यात मला माझं चित्रही जमायला लागलं. दुसऱ्याला सांगायचं म्हणून बघताना डोळे आपोआप उघडतात. पण एक खरं सांगतो, सांगता सांगता माझा वेळ जायचा. उजेड ज्या दहा मिनिटांत चांगला असतो ती दहा मिनिटं मी बोलण्यात घालवायचो, आणि माझा कागद तसाच राहायचा. हे मी मनात धरत होतो. तेव्हा कबूल केलं नसतं.

बाईंना एक चित्र काढायचं राहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली, दर वेळी त्याच शब्दांत. वीसेक वर्षांपूर्वी त्या पलीकडच्या गावच्या शाळेतून चालत परत येत होत्या. सूर्य बुडाला, रान राखेसारखं झालं, त्या भरभर चालायला लागल्या. आणि मग उजेड परत आला. सूर्य नसताना. दरीपलीकडचा सपाट माथ्याचा डोंगर आतून पेटल्यासारखा झाला, कोवळा लाल. पाच-सात मिनिटं. मग विझला. जवळ कागद नव्हता, खडू नव्हता. त्यानंतर शंभरदा तरी त्या तिथं जाऊन बसल्या असतील. तसा उजेड पुन्हा आला नाही. पण त्या रंगाची एक कांडी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, एका विद्यार्थिनीनं पुण्याहून आणलेल्या पेटीतली. तिला त्या वाळत्या करडईचा म्हणायच्या. करडईचं फूल पिवळं असतं आणि वाळताना लाल होत जातं, त्या मधल्या दिवसाचा रंग. चिंचोक्याएवढी उरली होती. दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, अप्पांनी सांगून टाकलं, "आता म्होरल्या खेपंपासनं उतारावर न्यायाचं न्हाय हिला. परवा अंगनात पडली. डोंगरात पडली तर म्या कुटं हुडकू?" बाईंनी खडूंचा डबा पिशवीत घातला. मला म्हणाल्या, "मग आज तिथंच बसू."

अप्पा स्कूटर घेऊन खाली वाटेवर थांबले. आम्ही दरीच्या ह्या काठावर बसलो, समोर पूर्वेला तो सपाट माथ्याचा डोंगर, पाठीमागं बार्शीच्या बाजूची सपाटी. मी माझी तिवई लावली, थोडी मागं. बाई सतरंजीवर. आम्ही नेहमीसारखं काम केलं. मी सांगत गेलो, त्या काढत गेल्या. त्यांच्या कागदावर डोंगर चांगला बसला होता. त्याचा माथ्याकडचा भाग त्यांनी रिकामा ठेवला. "तो शेवटी," म्हणाल्या.

सूर्य बुडाला. रंग एकेक करून गेले. दरीतून वानरांचा आवाज आला आणि थांबला. सगळं खरोखरच राखाडी झालं. मी माझे खडू आवरायला घेतले.

मग पायथ्याशी काहीतरी हललं असं वाटलं. हललं काही नव्हतं, रंग येत होता. सूर्य जाऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. डोंगराच्या सगळ्या अंगावर एकदम, कुठून येतोय ते कळत नव्हतं, सावली न पाडणारा उजेड. करडईचा तोच रंग. बाई वीस वर्षं ज्याचं नाव घेत होत्या तोच, तंतोतंत. माथ्याची कड त्यात अशी उमटली की मला वाटलं, डोंगर आत्ता तयार होतोय आणि मी बघतोय. घळींमधून आंबेचा हिरवट निळा होता आणि तो थरथरत होता. देवळात कधी मला असं झालेलं नाही. हात जोडावेत असं वाटलं, पण हात जोडले नाहीत. हात डब्याकडं गेला.

कांडी बाईंच्या डब्यात होती. डबा आमच्या दोघांच्या मधे होता. मी ती उचलली आणि माझ्या कागदावर ओढली.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. त्यांचं तोंड डोंगरावरून बाजूला वळलेलं होतं, म्हणजे त्या डोंगराकडंच बघत होत्या. "काही येतंय का?"

एक शब्द पुरला असता. आलाय, एवढाच. पण आलाय म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, कुठं, किती, चार बोटं वर, वीतभर आत. तेवढ्यात तो विझला असता आणि माझा कागद कोरा राहिला असता. हे कारण मी स्वतःला दोन वर्षं देत आलोय. ते खरं आहे, पण पुरतं नाही. मला तो एकट्याला हवा होता. सहा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांनी बघायला शिकलो, आणि जे बघण्यासाठी शिकलो ते समोर आल्यावर मला त्यात दुसरं कुणी नको होतं.

"काही नाही बाई," मी म्हणालो. "सगळं राखाडी झालंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हात डब्यात घालून राखेच्या रंगाची कांडी काढली आणि वरची रिकामी जागा भरून टाकली. शांतपणे, एकसारखी. मी माझ्या कागदावर काय करत होतो ते मला नीट आठवत नाही. चुकत नव्हतो एवढं कळत होतं. जिथं हात नेला तिथं तो रंग होता. बांध नव्हता, रेघ नव्हती. सात-आठ मिनिटांनी डोंगर विझला. माझ्या बोटांच्या चिमटीत कांडी उरली नव्हती, नुसती लाल भुकटी होती.

उतरताना बाईंनी माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, "म्हणजे मला तेव्हा भासच झाला असणार."

मी वाटेतला दगड पायानं बाजूला सारला.

"इतक्या वेळा येऊन बसले. असता तर एकदा तरी आला असता की नाही? थकलेली होते मी त्या दिवशी. शाळेत सकाळपासून तपासणी होती." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "ती वाळत्या करडईची कांडी तुम्हीच घेऊन जा. मला आता कशाला?"

"बरं," मी म्हणालो. उजवा हात मी खिशात घातला होता.

खाली अप्पांनी विचारलं, "घावलं का गं तुजं त्ये?"

"नाही. तसलं काही नसतंच."

"म्या म्हनत न्हवतो? उपाशी चालत आलतीस, म्हून डोळ्यापुढं लाल झालं आसंल. चल बस. धर नीट." आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी बी लई केलंसा हिच्यासाठी."

तो माझ्यासाठी शेवटचा वार होता. अप्पांना काय ठाऊक.

बाईंचं ते चित्र काचेत घालून त्यांच्या बैठकीत लावलंय. येणारे-जाणारे चांगलं म्हणतात, आणि ते चांगलं आहेच. खाली डोंगर, माथ्याला राख. जुने विद्यार्थी भेटायला आले की बाई हसत हसत सांगतात, "एकदा मला सूर्य बुडाल्यावर डोंगर पेटलेला दिसला होता. वीस वर्षं मी त्याच्यावर विश्वास ठेवला. म्हातारपणी कळलं, भूक लागली होती." सगळे हसतात. मी तिथंच बसलेला असतो, कप हातात. माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले की मी त्यांची फक्त ती एक संध्याकाळ घेतली नाही. वीस वर्षांपूर्वीची त्यांची स्वतःची संध्याकाळ होती, तीही घेतली.

माझं चित्र घरी कपाटात आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. त्याच्याइतकं चांगलं मी त्याआधी काढलं नाही आणि नंतरही नाही. वर्षातून एक-दोनदा पुठ्ठा उघडतो. दर वेळी ते तितकंच खरं असतं. मग लगेच मिटतो.

अजून रविवारी मी येडशीला जातो. बाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आम्ही अंगणात बसतो, मी समोरचं सांगतो, त्या ऐकतात आणि माझ्या चित्रातल्या चुका ऐकूनच काढतात. मागच्या महिन्यात मी एका झाडाखालची सावली सांगत होतो. बाई मधेच म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी दरीवर सगळं राखाडी झालं होतं ना?"

"हो."

"मग तुमचा खडू एवढा का चालत होता? मला ऐकू येत होता. सात-आठ मिनिटं सारखा. राखाडीत एवढं काय काढत होता?"

पॉलिशपेपरवर खडू वाजतो हे मी त्या सात-आठ मिनिटांत विसरलो होतो. त्या नव्हत्या विसरल्या. तोंड त्यांनी माझ्यावरून बाजूला वळवलं होतं. आता कडेनंही दिसत नाही, पण ती सवय राहिलीय. अप्पा आतून विचारत होते, चहात साखर किती.

"बांध काढत होतो, बाई," मी म्हणालो.

बाई हसल्या, पण पूर्वीसारख्या नाही. "एवढा लांब बांध?" म्हणाल्या, आणि पुढं काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही. कदाचित त्या वाट बघताहेत. मी तीन रविवार गेलोय त्यानंतर. तीनही वेळा पुठ्ठा सोबत नेला, आणि तीनही वेळा पिशवीतून न काढता परत आणला. चित्र दाखवून उपयोग नाही. ते त्यांना दिसणार नाही. ते तोंडानंच सांगावं लागेल, आणि तिथंच मी अडतो.

बाईंचं मी एवढं देणं लागतो: त्या संध्याकाळी उजेड परत आला होता, तुम्ही पूर्वी पाहिला होता तोच होता, मी तो पाहिला आणि तुम्हाला सांगितलं नाही. हे मला अजून त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे.